नीरफणसाखालची भट्टी

२३ जुलै

वही नवी आहे, पण माझ्यासाठी छापलेली नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘अर्ज क्रमांक’, ‘गाव’, ‘नुकसानीचा प्रकार’ असे रकाने आहेत आणि मी त्यांच्यावरून सरळ आडवा लिहीत चाललो आहे. सदतीस वर्षं मुलांना समासात लिहू नका म्हणून दटावलं. त्यांच्यापैकी कुणी आत्ता बघत नाही, हे बरं.

मिस नोएलनं दिली. माझी कवितांची वही वादळात गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं असावं. शाळेत शिकलेल्या आणि शिकवलेल्या सगळ्या कविता मी त्या वहीत उतरवल्या होत्या, ती मेणकापडात गुंडाळून फळीवर ठेवली होती. फळीच गेली. फळी जिच्यावर होती ती भिंतही गेली. आता रोज सकाळी एकेक कविता आठवून बघतो. जहाजबुडीच्या कवितेची चार कडवी शाबूत आहेत, मग कप्तान काहीतरी ओरडतो आणि तिथून पुढे नुसतं पाणी.

मिस नोएल मोठ्या बेटावरून आली आहे, मदतीचे अर्ज घ्यायला. शाळेला छप्पर नाही म्हणून बाहेर बदामाखाली टेबल टाकून बसते. पडलेल्या घरांसाठी एक अर्ज, बुडालेल्या धंद्यांसाठी दुसरा. लोक रांगेत येतात आणि सहा पानी कागद बघितला की काहीतरी काम आठवल्यासारखं करून परत जातात. म्हणून मी तिच्या शेजारी लेखणी घेऊन बसतो. आज अकरा अर्ज लिहिले. एकाही अर्जावर डाग नाही, खाडाखोड नाही.

“मास्तर, तुमचा स्वतःचा कधी लिहायचा?” मिस नोएलनं विचारलं.

“होईल सावकाश,” म्हटलं. अर्ध्या घरावर पत्रा आहे अजून, आणि उरलेल्या अर्ध्यावर निळी ताडपत्री. ऊन तिच्यातून येतं तेव्हा खोलीत समुद्राच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. तक्रार कसली करायची?

पावाची सवय मात्र वाईट. एर्मीनची भट्टी खाली रस्त्याला आहे, म्हणजे होती. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी ती टेकडी चढून माझ्या पायरीवर एक पाव ठेवून जायची, फडक्यात गुंडाळून. गेल्या बावीस दिवसांत पायरीवर काही नाही. तरी मी दार उघडून बघतोच.

२६ जुलै

एर्मीनचा अर्ज आज लिहायला घेतला. नवरा जहाजं बांधायचा, तो जाऊन तीस वर्षं झाली. नंतर तिनं स्वतःच्या हातानं माती-विटांची भट्टी बांधली आणि त्यावर पोरगी शिकवून अमेरिकेला पाठवली. वादळात भट्टीशेजारचा नीरफणस मुळासकट उलटला तो नेमका घुमटावर. कणकेच्या परातीसुद्धा वाकल्या.

अर्ज दुसऱ्या पानावर अडला. ‘जागा कुणाची?’

मिस नोएलला मी समजावून सांगितलं की आमच्याकडे जागेचा कागद नसतो. मूल जन्मलं की त्याची नाळ पुरतात, वर झाड लावतात, आणि ते झाड जिथे उभं तिथे त्या माणसाचं घर. आजवर कुणी यापेक्षा जास्त विचारलं नाही.

“मला शिकवू नका मास्तर, माझी नाळ आजीनं जायफळाखाली पुरली आहे,” ती म्हणाली. “पण आमच्या ऑफिसला झाडं वाचता येत नाहीत. ज्याचं झाड त्यानं लिहून द्यावं की या बाईंना इथे भट्टी चालवायला माझी हरकत नाही. म्हणजे झालं. तीस सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर मी देवाचाही अर्ज घेणार नाही.”

“नीरफणस माझ्या धाकट्या भावाचा,” मी म्हटलं. “थिओफिलसचा. माझी चिंच वर टेकडीवर, घराजवळ.”

एर्मीन काहीतरी बोलणार होती. मग तिनं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

“मास्तर म्हणतात तर थिओचाच,” ती म्हणाली.

२७ जुलै

थिओबद्दल लिहायला हवं, म्हणजे मन मोकळं होईल.

अठराव्या वर्षी तो इंग्लंडला गेला, हडर्सफील्डला, आमची निम्मी माणसं गेली तिथेच. आधी पत्रं यायची. मग एर्मीननं भट्टीसाठी जागा मागितली तेव्हा मी त्याला लिहिलं की तुझी जागा रिकामी आहे, तू परत येईपर्यंत विधवा बाईला वापरू द्यावी असं मला वाटतं. चार पानी पत्र होतं, सुंदर अक्षरात, शेवटी एक कविताही रचून पाठवली. उत्तर आलं नाही. न विचारता दिली असं वाटून रागावला असणार, कारण तोवर भट्टीचा घुमट चढला होता. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा त्याच्याकडून तार आली, दोन शब्दांची. त्यानंतर काही नाही.

आता त्याच माणसाकडे त्याच जागेसाठी पुन्हा हात पसरायचा.

४ ऑगस्ट

पहाटे आई स्वप्नात आली. वादळानंतर गावात सगळ्यांनाच आपापली मेलेली माणसं दिसू लागली आहेत, तेव्हा नवल नाही. पण आई नीरफणसाखाली बसली होती, चिंचेखाली नाही, आणि मातीत काहीतरी चाचपत, माझं नाव घेऊन म्हणत होती, “सिल्व्हनचं इथेच ठेवलं होतं मी, कुठे गेलं?”

खाली जाऊन एर्मीनला सांगितलं. स्वप्नाचा अर्थ लावण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. आज मात्र तिनं अर्थ लावला नाही. एवढंच म्हणाली, “भूक लागली असेल त्यांना. ताट वाढू या.”

वाटाणे मदतीच्या पिशवीतले, मका गेल्या वर्षीचा. पूर्वजांच्या ताटाला मीठ घालत नाहीत, तसं आळणी रांधून ताट नीरफणसाच्या उपटलेल्या बुंध्याजवळ ठेवलं. मी म्हटलं, “अगं, आईचं ताट घरात टेबलावर ठेवायचं, इथे थिओच्या झाडाशी कशाला?”

“जिथे बसल्या होत्या तिथेच जेवतील ना? की उठून वर यावं म्हणता, त्या वयात?”

मुद्दा बरोबर होता.

१३ ऑगस्ट

करवतवाले आले होते. पडलेली झाडं तोडून जाळताहेत. एर्मीननं त्यांना नीरफणसाच्या बुंध्याला हात लावू दिला नाही. फांद्या न्या म्हणाली, मुळं राहू द्या. मुळांवर ओलं गोणपाट घातलं आहे आणि रोज डबाभर पाणी घालते. पाणी शाळेच्या टाकीवरून डोक्यावर आणावं लागतं, आणि ती अडुसष्ट वर्षांची आहे.

थिओच्या वस्तूची एवढी काळजी! मला भरून आलं. दुसऱ्याचं म्हणून जपणारी माणसं आता राहिली कुठे?

त्याच भरात बसल्या बसल्या दोन ओळी सुचल्या, त्या तिला म्हणून दाखवल्या:

समुद्रा, सगळं नेलंस, ने;
एवढी सकाळ परत दे.

“सकाळ काय मागताय मास्तर,” ती पाणी ओतता ओतता म्हणाली, “पत्रे मागा.”

२१ ऑगस्ट

एर्मीनच्या मुलीनं ब्रुकलिनहून तिकीट पाठवलं आहे. सहा ऑक्टोबरची फेरीबोट, मग मोठ्या बेटावरून विमान. भट्टी उभी राहणार नसेल तर तिथे एकटी बसून काय करणार, असं मुलीचं म्हणणं. खरं आहे.

“जाणार का?” मी विचारलं.

“तीस तारखेला कागद झाला तर नाही. नाही झाला तर तिथे नातवंडं आहेत, हीटर आहे. दुकानात पाव कापून मिळतो म्हणे, पिशवीत घालून.”

“कापलेला पाव लवकर सुकतो,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी काही चुकीचं बोललो असं मला वाटत नाही. सुकतोच.

५ सप्टेंबर

टपाल अजून धड चालत नाही. थिओला फोनच करावा लागणार. नंबर त्याच्या मुलीकडून मिळाला, खिशात आहे. आज बोलायचं काय ते लिहून काढलं. तीन पानं झाली. एर्मीननं वाचून परत दिली.

“यात ‘अर्ज’ हा शब्द कुठे आहे?”

“तिसऱ्या पानावर. आधी वातावरण तयार केलं आहे.”

“तोवर फोनचे पैसे संपतील हो.”

१९ सप्टेंबर

नंबर खिशातच आहे. मिस नोएलनं आज विचारलं नाही, नुसतं कॅलेंडरकडे बघितलं.

एर्मीनच्या दारात मोठी बॅग उन्हात टाकलेली दिसली, बुरशी लागू नये म्हणून असेल. चाकं आहेत तिला. आमच्या रस्त्यावर चाकांचा काय उपयोग?

२२ सप्टेंबर

केला फोन. फोन लागतो तो फक्त कब्रस्तानाच्या टेकाडावर, तेव्हा आईच्या दगडाला पाठ टेकून बसलो. तीन पानं गुडघ्यावर ठेवली होती, ती वाऱ्यानं पहिल्याच मिनिटाला नेली.

“हॅलो, थिओ? मी सिल्व्हन.”

“कोण मेलं?”

“कोणी नाही.”

“मग फोन कशाला केलास?”

आवाज आमच्या बाबांचा. मला एकदम सगळं विसरायला झालं. कसंबसं सांगितलं: वादळ, भट्टी, अर्ज, तुझी जागा, तुझी परवानगी.

“सिल्व्हन,” तो म्हणाला, “नीरफणस माझा नाही. तुझा आहे. माझी चिंच.”

मी म्हटलं, तुला आठवत नाही, आईनं मला किती वेळा...

“आईनं तुला खोटं सांगितलं. मी बोटीत बसायच्या दिवशी धक्क्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, रस्त्याकडची जागा सिल्व्हनची, पण त्याला कळू देऊ नकोस. स्वतःची आहे म्हणून कळलं तर समोर येऊन जो पहिला रडेल त्याला देऊन टाकील. थिओची म्हणून सांगितलं तर मरेपर्यंत राखील. तोंड उघडलंस तर माझी शपथ.”

दगड पाठीला गरम लागत होता. उठून त्याच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

“म्हणून माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस?”

“काय देऊ? ‘वापर’ म्हटलं तर खोटं, ‘तुझीच आहे’ म्हटलं तर शपथ मोडली. आणि चार पानांत तू मला ‘कसा आहेस’ एकदाही विचारलं नव्हतंस. मी तेव्हा दवाखान्यात होतो. तू कविता पाठवलीस.”

“वाईट होती?”

“लांब होती.”

मग मी विचारलं, कसा आहेस. अठ्ठावीस वर्षांचा उशीर, पण त्यानं सगळं सांगितलं. बायको गेली, गुडघा बदलला, गिरणी बंद पडून जमाना झाला. शेवटी म्हणाला, “माझी चिंच?”

“उभी आहे. फांद्या गेल्या. थिओ, म्हणजे मी इतकी वर्षं तुझ्या जागेत राहतोय.”

“राहा की. हा गुडघा घेऊन मी ती टेकडी चढणार आहे का?”

२३ सप्टेंबर

एर्मीनला जाऊन सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“तुमच्या आईनंच सांगितलं, भट्टीचा पाया खणला त्या दिवशी. म्हणाल्या, तो थिओची म्हणेल, म्हणू दे. तू फक्त त्याला उपाशी ठेवू नकोस.”

“अगं मग तो अर्ज अडला तेव्हा का नाही बोललीस? दोन महिने गेले!”

“काय बोलू? कळलं असतं तर तुम्ही त्याच दुपारी जागा माझ्या नावावर करून मोकळे झाला असता. आणि वर राहता ती जागा दुसऱ्याची. म्हणजे तुमचं काय राहिलं? तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू? त्या ताटाला आल्या होत्या ना, त्या तुमच्यासाठी नाही, माझ्यावर लक्ष ठेवायला.”

मला खरं तर तेच करायचं होतं, जागा तिच्या नावावर. ते मी बोललो नाही.

मग मला पाव आठवले. इतकी वर्षं मी ते शेजारधर्म समजत होतो. “म्हणजे ते पाव जागेचं भाडं होतं!”

एर्मीन हातातलं फडकं झटकून उभी राहिली. “भाडं? भाड्यात शिळा पाव चालतो, मास्तर. गरम पाव घेऊन रोज टेकडी चढायला मला काय वेड लागलं होतं?”

आणि आत गेली. इतकी चिडली का, कळलं नाही. हिशोब चुकला असेल माझा.

२५ सप्टेंबर

थिओच्या मुलीनं त्याच्या सहीचं पत्र मिस नोएलच्या फोनवर पाठवलं: नीरफणस थोरल्याचा, चिंच धाकट्याची, आणि थोरल्यानं चिंचेशी खुशाल राहावं. मिस नोएल म्हणाली, बास, आता तुमचं संमतीपत्र.

ते मी सुरेख लिहिलं. जागा माझी ती माझीच, भट्टी तिची, दोघं असेपर्यंत. फक्त शेवटचा रकाना राहिला: ‘अर्जदाराचं जागा देणाऱ्याशी नातं.’

पंचेचाळीस अर्ज लिहिले आजवर. मुलगा, सून, आतेभाऊ, सगळी नाती भरली. इथे लेखणी थांबली. खोटं लिहायचं नाही एवढंच मला ठाऊक. लिहिलं, ‘काही नाही.’

एर्मीननं सही करायला कागद घेतला, वाचला, आणि तसाच टेबलावर ठेवला.

“सही?” मिस नोएल म्हणाली.

“तीस तारखेपर्यंत वेळ आहे ना?” म्हणून ती निघून गेली.

मिस नोएल माझ्याकडे असं बघत होती, जसा मी गणितात नापास होणाऱ्या हुशार मुलाकडे बघायचो.

२८ सप्टेंबर

बॅग आत घेतली आहे. दार लोटलेलं. गोणपाट मात्र ओलं होतं.

कविता एकही आठवली नाही.

३० सप्टेंबर

आज आठ वाजताच बदामाखाली जाऊन बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. दुपारी टेबल उचलायची वेळ होत आली तेव्हा मी मिस नोएलकडे तो कागद मागितला आणि खाली भट्टीकडे गेलो. एर्मीन मोडक्या घुमटाच्या विटा रचत होती. निघालेला माणूस विटा कशाला रचेल, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

“इथे मी चुकीचं लिहिलंय,” म्हटलं.

“तुम्ही? चुकीचं?”

“त्या जागी काय लिहू?”

“तुम्ही मास्तर. तुम्हाला शब्द सुचेना आणि मी सांगू?”

मला सगळे मोठे शब्द आठवले, त्या गेलेल्या वहीतलेसुद्धा. त्यातला एकही त्या रकान्यात मावेना. मग तिच्या हाताला लागलेली माती दिसली, आणि पायरीवरचा पाव दिसला, वाफ धरलेल्या फडक्यातला. मी विटेवर कागद ठेवून ‘काही नाही’ वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: ‘घरची.’

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. एवढाच शब्द होता, वाचायला इतका वेळ लागू नये.

“अक्षर बिघडलंय तुमचं,” म्हणाली आणि रुमालाच्या टोकानं डोळ्यात गेलेली माती काढली.

दोघं वर आलो. मिस नोएलनं कागद उन्हात धरून पाहिला. “खाडाखोड झाली आहे. अशा ठिकाणी बाजूला दोघांची सही लागते.”

मी केली. तिनं माझ्या सहीखाली केली.

“आणि साक्षीदार म्हणून मी,” मिस नोएल म्हणाली, सही केली, शिक्का मारला, आणि उगाचच हसत बसली. मग दुसरा कागद पुढे सरकवला. माझ्या घराचा अर्ज, एर्मीनच्या वेड्यावाकड्या अक्षरात सगळा भरलेला. “इथे फक्त सही, मास्तर. आणि यातलं काही दुरुस्त करायचं नाही.”

दोन ठिकाणी चूक होती. केली नाही.

६ ऑक्टोबर

फेरी वेळेवर सुटली. भोंगा ऐकला तेव्हा एर्मीन कोपरापर्यंत मातीत होती. मदत यायला आठ आठवडे लागतील असं मिस नोएल म्हणून गेली. एर्मीनचं म्हणणं, तोवर घुमट वाळलेला बरा.

“भोंगा कसला ऐकताय?” ती ओरडली. “पाणी आणा!”

गोणपाट सरकवून पाहिलं. मुळातून कोंब आला आहे, हिरवागार, वीतभर. शाळेच्या टाकीवरून दोन डबे आणले. एक तिच्या मातीत ओतला. दुसरा माझ्या झाडाला घातला.